लांब पल्ल्याची धाव आणि लांब पल्ल्याचे ध्येय

हिवाळ्यात नागपूर शहराला जाग येते ती सूर्योदयापूर्वीच. मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल, रवीनगरचे विद्यापीठ मैदान, अंबाझरी तलावाकडे जाणारा रस्ता, या सर्व ठिकाणी धुक्यातून धावणाऱ्यांची पावले ऐकू येऊ लागतात. काटोल, उमरेड, रामटेक या तालुक्यांतील गावांतही रस्त्याच्या कडेने हेच दृश्य दिसते. पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण त्यांत असतात, तशीच आठवी-नववीत शिकणारी मुले-मुलीही असतात.

कशासाठी धावतोस, असे यांपैकी एखाद्यास विचारले तर बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. एक म्हणजे भरती आणि दुसरे ऑलिम्पिक. पहिले उत्तर अगदी हाताशी असलेल्या ध्येयाचे, तर दुसरे क्षितिजापलीकडच्या ध्येयाचे. या दोहोंच्या मध्ये काय आहे हे मात्र मुलाला सहसा सांगता येत नाही, आणि खरे पाहता ते त्याला कोणी सांगितलेलेही नसते. पुष्कळ गुणी मुलांची धाव थांबते ती या मधल्या पोकळीत. मोठे ध्येय ठेवणे ही चूक नव्हे. ध्येयापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या न बांधणे ही चूक आहे. या पायऱ्या कशा बांधाव्यात आणि त्यांत शाळा, ग्रामपंचायत व प्रशासन यांचा वाटा कोणता, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

घड्याळाने दाखविलेली वाट

भारतातून ऑलिम्पिकला संघ पाठविण्याची कल्पना महाराष्ट्रातील एका मैदानावर, लांब पल्ल्याच्या धावण्यातूनच पुढे आली, हे फार थोड्यांच्या स्मरणात असेल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धा १९१९ च्या सुमारास सर दोराबजी टाटा यांनी पाहिल्या. धावणाऱ्यांत अनवाणी धावणारे खेडुत पुष्कळ होते. त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले नव्हते, तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहता फार मागे नाहीत, असे टाटांच्या ध्यानात आले. त्यांच्याच पुढाकाराने १९२० साली अँटवर्प येथील ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू रवाना झाले. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी तेथे मॅरेथॉन शर्यत २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षी शर्यतीचे अंतर आजच्यापेक्षा काहीसे अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते.

या घटनेतील बोध स्पष्ट आहे. एवढ्या मोठ्या आकांक्षेचा आरंभ कोणा वक्त्याच्या भाषणातून झाला नाही. कोणीतरी अंतर मोजले, वेळ टिपली आणि ती जगातील वेळेशी ताडून पाहिली, तेथून तो झाला. मोजमाप नसेल तर ध्येय ही नुसती इच्छा राहते आणि मोजमाप झाले की ती योजना बनू शकते.

भरतीचे अंतर व शर्यतीचे अंतर

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. या चाचणीमुळे हजारो तरुणांना धावण्याची सवय लागली असून, स्थिर नोकरीचे ध्येय कोणत्याही दृष्टीने लहान मानता येणार नाही. परंतु ठरावीक दिवशी ठरावीक वेळेत धावून गुण मिळविणे ही परीक्षेची तयारी होय. खेळाडूची जडणघडण ही निराळी गोष्ट आहे. परीक्षा संपताच तयारी संपते, तर खेळाडूची तयारी वर्षानुवर्षे चालते व तिच्यात विश्रांती, वाढ आणि अपयश या सर्वांना जागा ठेवावी लागते.

एका हिशेबावरून हा फरक ध्यानी येईल. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या धावपट्टीच्या ४ फेऱ्या. एखाद्या तरुणाने त्या ५ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण केल्या तर प्रत्येक फेरीस त्याला ८२.५ सेकंद लागले असे होते. भरतीच्या मैदानावर ही धाव चांगली समजली जाते. बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ साली अमेरिकेत ५००० मीटरची शर्यत १३ मिनिटे २५.६५ सेकंदांत धावून बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यांनी साडेबारा फेऱ्या, प्रत्येकी सुमारे ६४.५ सेकंदांच्या गतीने, सलग पूर्ण केल्या. म्हणजे अंतर तिपटीहून अधिक आणि तरीही प्रत्येक फेरी १८ सेकंदांनी कमी. मुलापुढे हा हिशेब निराश करण्यासाठी मांडू नये. आपण कोठे उभे आहोत आणि कोठे जावयाचे आहे, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी दिसाव्यात, एवढाच त्याचा हेतू असावा.

सेकंदांची शिडी

उदाहरणादाखल १४ वर्षांची एक विद्यार्थिनी घेऊ. ती ३००० मीटर, म्हणजे साडेसात फेऱ्या, १२ मिनिटांत धावते. तिची एक फेरी ९६ सेकंदांची झाली. हेच अंतर १० मिनिटांत धावण्याचे ध्येय तिने ठेवले तर प्रत्येक फेरी ८० सेकंदांत व्हावयास हवी. एका फेरीत १६ सेकंद कमी करणे एका हंगामात अशक्यप्राय होय. तेच अंतर ४ वर्षांत वाटून दिले तर चित्र पालटते. पहिल्या वर्षी ११ मिनिटे १५ सेकंद, दुसऱ्या वर्षी १० मिनिटे ४० सेकंद, तिसऱ्या वर्षी १० मिनिटे १५ सेकंद आणि चौथ्या वर्षी १० मिनिटे. फेरीचा वेळ अनुक्रमे ९०, सुमारे ८५, ८२ व ८० सेकंद असा उतरत जातो.

या शिडीत एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पहिल्या वर्षी ४५ सेकंदांची सुधारणा धरली आहे, तर शेवटच्या वर्षी केवळ १५ सेकंदांची. धावपटूची प्रगती अशीच होत असते. आरंभी वेळ झपाट्याने खाली येतो आणि पुढे एकेक सेकंदासाठी महिनोन्‌महिने घालवावे लागतात. हे आधी ठाऊक नसलेली मुलगी तिसऱ्या वर्षी आपली प्रगती खुंटली असे समजून मैदान सोडते. ते ठाऊक असलेली मुलगी त्याच २५ सेकंदांना यश मानते.

ध्येयाचे तीन प्रकार करून ठेवणेही उपयुक्त ठरते. पदक मिळविणे हे फळाचे ध्येय. ते इतर स्पर्धकांवरही अवलंबून असल्याने पूर्णपणे आपल्या हाती नसते. विशिष्ट वेळेत धावणे हे कामगिरीचे ध्येय आणि ते बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. आठवड्यातून ठरलेले दिवस सराव करणे, रात्री वेळेवर झोपणे, रोजची नोंद लिहिणे हे सवयीचे ध्येय, आणि ते सर्वस्वी आपल्या हाती असते. मुलाने पहिल्या ध्येयाचे स्वप्न अवश्य पाहावे, दुसऱ्याची तारीख ठरवावी आणि तिसऱ्याचा हिशेब दररोज द्यावा.

मांडव्याचे अविनाश साबळे

या शिडीचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अविनाश साबळे हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे. अवर्षणाचा हा भाग. घरापासून सुमारे ६ किलोमीटरवरील शाळेत ते पायी किंवा धावत जात. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि सियाचीनच्या बर्फातही त्यांनी सेवा बजावली. स्पर्धात्मक धावण्यास आरंभ झाला तो २०१५ साली सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री शर्यतीपासून, वयाच्या विशीनंतर. पुढे ते ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळले. या शर्यतीत धावपटूला २८ अडथळे व ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो.

गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये नोंदविलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे अबाधित होता. साबळे यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन तो मोडला. त्यानंतरचा प्रवास आकड्यांतच वाचावा. २०१९ मध्ये दोहा येथे ८ मिनिटे २१.३७, २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८ मिनिटे १८.१२, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ८ मिनिटे ११.२० आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत ८ मिनिटे ०९.९१ सेकंद. सहा वर्षांत सुमारे २० सेकंद, म्हणजे वर्षाला सरासरी ३ सेकंदांहून थोडे अधिक. ३७ वर्षांचा विक्रम मोडणाऱ्या खेळाडूचीही प्रगती वर्षाकाठी एवढीच होती, हे प्रत्येक उतावळ्या पालकाने ध्यानात घ्यावे.

या प्रवासात अपयशही कमी नव्हते. टोकियो येथे साबळे यांनी स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला, तरी त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. फळाचे ध्येय हुकले आणि कामगिरीचे ध्येय मात्र साधले. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले आणि सुवर्णपदक केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. १९९८ ते २०१८ या काळात या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाचे धावपटूच नेत असत. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ते प्राथमिक फेरीतच बाहेर पडले. त्यानंतर काही आठवड्यांतच हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. एका शर्यतीवरून खेळाडूचे मोल ठरवू नये, याचा याहून चांगला दाखला शोधूनही सापडणार नाही.

वाट बदलण्याचे धैर्य

ध्येय उंच असावे, परंतु त्याकडे जाणारी वाट एकच असते असे नाही. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ व २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला. एवढ्यावर समाधान मानणे सोपे होते. तथापि २०१४ पासून त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसवर लक्ष केंद्रित केले. त्याच वर्षी इंचिऑन येथील आशियाई स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले आणि २०१५ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत ८ जणांच्या नव्हे तर साऱ्या जगातील निवडक धावपटूंच्या स्पर्धेत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्यांनी अंतिम फेरी गाठली व तेथे दहावा क्रमांक मिळविला. १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिम्पिकमधील धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय महिला होत. पुढे त्या राज्य शासनाच्या महसूल सेवेत अधिकारी म्हणून रुजू झाल्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन १९८४ साली, १०,००० मीटरची शर्यत १९८८ साली, ५००० मीटरची १९९६ साली आणि स्टीपलचेस २००८ साली प्रथम झाली. म्हणजे आज शाळेत धावणाऱ्या मुलीच्या आजीच्या तरुणपणी यांपैकी बहुतेक शर्यती महिलांसाठी नव्हत्याच. नागपुरातूनही रोहिणी राऊत व मोनिका राऊत या भगिनी लांब पल्ल्याच्या शर्यतींत राष्ट्रीय पातळीवर धावल्या आहेत. २०१९ साली इटलीतील नेपल्स येथे झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत नागपूरच्या प्राजक्ता गोडबोले यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. मार्ग खुला आहे. त्या मार्गावर मुलगी किती काळ टिकेल हे मात्र घर, शाळा व गाव यांच्यावर अवलंबून आहे.

घाई हा मोठा शत्रू

अलीकडे लहान-मोठ्या गावांतून रोख बक्षिसांच्या रस्ता-शर्यती भरतात. त्यांमुळे धावण्याची हौस वाढली हे खरे. परंतु बक्षिसाच्या आशेने १३-१४ वर्षांची मुले दर रविवारी निरनिराळ्या गावी जाऊन डांबरी रस्त्यावर १० किलोमीटर वा त्याहून अधिक अंतर धावू लागली, तर नफ्यापेक्षा तोटाच अधिक होतो. वाढत्या वयात हाडांची टोके व स्नायूंचे सांधे नाजूक असतात. नडगी, टाच व गुडघा यांची दुखणी याच वयात जडतात. जागतिक पातळीवर १८ वर्षांखालील गटात मुला-मुलींसाठी लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे ३००० मीटर व २००० मीटर स्टीपलचेस एवढीच धरली जाते, आणि मोठ्या मॅरेथॉन स्पर्धांत पूर्ण अंतरासाठी सामान्यतः १८ वर्षे पूर्ण झालेलाच स्पर्धक घेतात. यामागे विचार आहे. मुलाने आधी वेग, डौल व सहनशक्तीचा पाया घालावा आणि अंतर पुढे वाढवावे.

सरावाबाबतही हेच तत्त्व लागू पडते. सोबत्याशी बोलता येईल अशा सावकाश गतीने बहुतांश धावणे, आठवड्यातून एक-दोन वेळाच वेगाचा सराव आणि किमान एक दिवस पूर्ण विश्रांती, एवढी चौकट शाळकरी वयास पुरेशी होते. रोज जिवाच्या आकांताने धावणारा मुलगा मेहनती दिसतो, पण पहिल्या वर्षानंतर मैदानावर बहुधा दिसत नाही.

मुलींचे शरीर १२ ते १६ या वयात झपाट्याने बदलते. या काळात काहींचा वेळ वर्षभर स्थिर राहतो वा थोडा वाढतोही. ही नैसर्गिक अवस्था असून ती ओसरते. नेमक्या याच वेळी 'आता हिच्यात राम राहिला नाही' असा शेरा मारून तिला संघातून वगळले जाते किंवा वजन कमी करण्याचा सल्ला दिला जातो. हे दोन्ही घातक आहे. कमी आहार व अधिक सराव यांमुळे मासिक पाळी सलग तीन महिने न आल्यास तो धोक्याचा इशारा समजून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

रक्तक्षयाचा प्रश्नही येथे विसरून चालणार नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींत रक्तक्षय आढळला. स्नायूंना प्राणवायू पोचविण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिन करते. ते कमी असेल तर कितीही सराव करून वेळ सुधारत नाही आणि दोष मात्र मुलीच्या आळसाला दिला जातो. म्हणून धावणाऱ्या प्रत्येक मुलीची हंगामाच्या आरंभी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी व्हावी. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास उपचार आधी आणि शर्यत नंतर. शाळेतून मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी नियमाने घ्यावी. चवळी, हरभरा, बाजरी, पालेभाज्या, शक्य असल्यास अंडी, आणि जेवणासोबत लिंबू असावे. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोह शरीरात कमी मुरते, हेही घरोघरी सांगण्यासारखे आहे.

नागपूरचे ऊन

विदर्भातील धावपटूला आणखी एका प्रतिस्पर्ध्याशी सामना द्यावा लागतो, तो म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात नागपूरचे कमाल तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. म्हणून वर्षाची आखणीच ऋतूंच्या आधाराने करावी. पावसाळ्यात मऊ मातीवर सावकाश धावून पाया घालावा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत वेळ सुधारण्याच्या शर्यती धावाव्यात, आणि एप्रिल-मे हे महिने हलका व्यायाम, विश्रांती व परीक्षेनंतरचे पुनर्नियोजन यांसाठी राखावेत. उन्हाळ्यात धावावयाचेच असेल तर सूर्योदयापूर्वी व थोडे. शरीरास उष्णतेची सवय होण्यास १० ते १४ दिवस लागतात, तोवर अंतर व गती दोन्ही कमी ठेवावी.

धावता धावता मूल असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले किंवा कोसळले तर तो उष्माघात असू शकतो. त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्यास पाणी पाजू नये. शर्यत भरविणाऱ्या प्रत्येक मंडळाने व पंचायतीने ही व्यवस्था आधीच करून ठेवली पाहिजे.

शिक्षकाची वही, पंचायतीचे मैदान

कृत्रिम धावपट्टी प्रत्येक गावात होऊ शकत नाही व तशी गरजही नाही. मोजलेली वाट मात्र प्रत्येक गावात होऊ शकते. ८५ मीटर लांब व ३५ मीटर रुंद मोकळी जागा असली की २०० मीटरची फेरी आखता येते. समोरासमोर ५० मीटरच्या दोन सरळ रेषा एकमेकींपासून ३१.८४ मीटर अंतरावर आखाव्यात. त्यांची टोके १५.९२ मीटर त्रिज्येच्या दोन अर्धवर्तुळांनी जोडावीत. मध्ये खुंटी ठोकून दोरीने अर्धवर्तुळ काढता येते. प्रत्येक अर्धवर्तुळाची लांबी ५० मीटर भरते आणि एकूण फेरी २०० मीटरची होते. त्यावर बारीक मुरूम पसरून, पाणी मारून दाबून घेतला म्हणजे पावलांना मऊ अशी वाट तयार होते. ३००० मीटरला तिच्या १५ फेऱ्या. गणिताच्या शिक्षकाने ही आखणी विद्यार्थ्यांकडून करून घेतली तर भूमितीचा एक धडाही पदरात पडेल.

दुसरे साधन म्हणजे वही. प्रत्येक धावणाऱ्या मुलाची एक वही असावी. तीत तारीख, अंतर, वेळ, झोपेचे तास, दुखणे असल्यास ते, आणि महिन्यातून एकदा घेतलेल्या चाचणीची वेळ लिहिलेली असावी. क्रीडाशिक्षकाची बदली झाली तरी वही मुलापाशी राहते आणि नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी मुलाचा दोन वर्षांचा इतिहास कळतो. शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य व राष्ट्रीय अशा पायऱ्या आहेत आणि १४, १७ व १९ वर्षांखालील असे वयोगट आहेत. वहीतील वेळ कोणत्या पायरीला पुरेशी आहे, हे शिक्षकाने मुलाला वर्षारंभीच दाखवून द्यावे. वयाचा खोटा दाखला काढून खालच्या गटात धावविण्याचा मोह तर कटाक्षाने टाळला पाहिजे. त्याने पदक मिळते, परंतु शिडीच खोटी होते. शिवाय त्या गटातील खऱ्या वयाच्या मुलाचा हक्क बुडतो.

पालकांची चिंता वेगळी असते. धावून पुढे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना क्रीडा सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. सैन्य, रेल्वे व पोलीस दलांतही खेळाडूंना संधी आहे. तथापि सर्वच धावणारे त्या पातळीस पोचतील असे नाही. म्हणून अभ्यास सोडून धावणे हा सल्ला कोणीही देऊ नये. पहाटेचा एक-सव्वा तास धावणे व दिवसा शाळा, ही दोन्ही एकत्र चालू शकतात, आणि लांब पल्ल्याच्या शिडीवर ती तशी चालवावीच लागतात, कारण शिडी अनेक वर्षांची आहे.

ग्रामसभेने वर्षातून एकदा गावातील धावणाऱ्या मुला-मुलींच्या वह्या मागवून पाहाव्यात. कोणी जिंकले याऐवजी कोणाची वेळ किती सुधारली, याची नोंद घेऊन त्याबद्दल सत्कार करावा. १२ मिनिटांवरून ११ मिनिटे १५ सेकंदांवर आलेल्या मुलीस कदाचित एकही पदक मिळालेले नसेल, परंतु तिने आपल्या शिडीची पहिली पायरी चढलेली असते. त्या दिवशी गावाने तिच्याकडे पाहिले तर दुसऱ्या पायरीसाठी ती पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पहाटे उठेल.